कच्चे लिंबू

खेळात 'कच्चे लिंबू' ही फार जुनी सोय आहे. लगोरी असो, लपंडाव असो की शिवणापाणी असो, मोठ्या मुलांच्या घोळक्यापाशी एखादे शेंबडे पोर येऊन उभे राहते. त्याची आई ओट्यावरून ओरडते, "त्यालाही घ्या रे खेळायला!" तिच्या हातचे लाडू पुढे कधीतरी खायचे असतात, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. मग सर्वानुमते ते पोर कच्चे लिंबू ठरते. ते पळते, लपते, ओरडते. पण सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि बाद झाले तरी कुणी त्याला बाद म्हणत नाही. चार-आठ दिवस त्या पोराला मोठी गंमत वाटते. मग एके दिवशी ते रडत घरी जाते. त्याला कुणी मारलेले नसते, ढकललेलेही नसते. त्याची तक्रार एवढीच असते की, "माझ्यावर राज्य का येत नाही?"

या रडण्यात पुष्कळ अर्थ आहे असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याला कारण झाला माझा दादा.

आमचे खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन. पुण्याच्या बाजूला यवत, दौंडच्या बाजूला केडगाव. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ऊस दिसतो, उसाच्या मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर दिसतो आणि तो कौतुक करीपर्यंत गाव मागे पडलेले असते. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. शाळेत असताना तो कबड्डीत चढाई करायचा. पण दिवस मावळल्यावर सामना असला की तो हमखास पकडला जाई. घरच्यांना वाटे, पोरगा दमतो. मग तो अंधारात उंबऱ्याला अडखळू लागला, पुढे बाजूने आलेला माणूस त्याला दिसेना. कुणी गाजरे खायला सांगितली, कुणी काजळ घालायला. अखेर पुण्याच्या डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले : रेटिनायटिस पिगमेंटोझा. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होत जातो. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची, आणि नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे उरते. दादाचे तेही पंचविशीच्या आत गेले. आता त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

दादाचे दुःख सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. त्याला ते मुळीच आवडणार नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या खेळाविषयी.

२०२० सालच्या टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या. पुण्याला, हडपसरला, चाकणला कामाला गेलेली गावची मुले घरी परतली. हाताला काम नाही, मळ्यात दुपारी ऊन, तेव्हा आमच्या ओट्यावर मोबाइलवरच्या ल्युडोचा फड रंगू लागला. एकच फोन चौघांच्या हातांत फिरे. दादाही त्यात बसे. त्याची पाळी आली की दुसराच कुणी पडद्यावर बोट टेकवी आणि सांगे, "दादा, तुला सहा पडले. सोंगटी काढली बघ तुझी." कधी म्हणे, "दादा, तू मारलीस हं याची!" एका संध्याकाळी दादाच्या चारही सोंगट्या घरात गेल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. दादा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आरं, पण मी काय केलं?"

त्या प्रश्नाला ओट्यावर कुणापाशीही उत्तर नव्हते. मुले मनाने चांगली होती. त्यांनी त्याला खेळायला घेतले होते; पण घेतले होते ते कच्चे लिंबू म्हणून.

तोड काढली ती आमच्या आजीने. तिच्या ट्रंकेत तिच्या माहेरचा जुना सारीपाट होता. कापडाचा, घरे शिवणीने पाडलेला. तो तिने अंथरला. दादाने पटावरून बोटे फिरविली आणि शिवणीवरून घरे मोजली. कवड्यांचे दान तर अंगठ्यानेच कळते; कवडी उताणी पडली आहे की पालथी, हे पाहायला डोळे लागतच नाहीत. अडचण होती ती सोंगट्यांची, कारण त्यांच्यात रंगाखेरीज फरक नव्हता. आजीने दादाच्या सोंगट्यांना पांढरा दोरा गुंडाळला. स्वतःच्या सोंगट्यांना काही केले नाही. झाले! एवढ्यावर दोघे तीन महिने खेळली. आजीला मोतीबिंदूमुळे कमी दिसते, दादाला काहीच दिसत नाही. तरी त्या दोघांसमोर गावातला भला भला खेळणारा टिकेना. एकदा आजीने एक कवडी हळूच उलटी केली, तर दादाने तिचा हात वरच्यावर धरला. "म्हातारे, रडीचा डाव खेळती व्हय?" आजी ओशाळली नाही, पण दान मात्र तिने पुन्हा टाकले.

गंमत अशी की मोबाइलवरचा ल्युडो हा आमच्या पचिशीचाच नातू. पचिशीवरून बेतलेल्या या खेळाचे पेटंट इंग्लंडात १८९६ साली घेतले गेले, आणि तो साहेबाच्या घरून फिरून पुन्हा आपल्याकडे आला. आजोबा बोटांना कळत होते, नातू कळत नाही. कारण नातवाचे अंग काचेचे आहे. काचेवर फासा नाही, घर नाही, सोंगटी नाही. आहे ते फक्त त्यांचे चित्र.

आजीने सोंगटीला गुंडाळलेल्या त्या दोऱ्याला आजकाल 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणतात, सरकारी मराठीत 'सुगम्यता'. आजीला हे दोन्ही शब्द ठाऊक नाहीत. परंतु जगातील मोठमोठ्या कंपन्या आज संगणकावरच्या खेळांत जे करू पाहत आहेत, ते मुळात याहून निराळे नाही.

यातील यंत्राची बाजू थोडी समजून घेण्यासारखी आहे. दादाचा फोन मराठी बोलतो. उच्चार आकाशवाणीच्या निवेदकासारखे शुद्ध नसले तरी समजतात. पडद्यावर बोट फिरवावे तसतसे बोटाखाली काय आहे ते फोन वाचून दाखवितो, आणि दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबले जाते. यावर दादा पत्रे लिहितो, वर्तमानपत्र ऐकतो, पैसे पाठवितो. मग ल्युडोच का नाही? मी त्याला हेच विचारले होते. त्याचे उत्तर असे की, या बोलणाऱ्या फोनला तुमच्या-आमच्यासारखा पडदा दिसत नसतो. त्याला दिसते ती पडद्यामागची यादी. येथे बटण आहे, त्याचे नाव 'पाठवा'; येथे चौकट आहे, तिच्यात अमुक मजकूर, अशी ती यादी असते. साध्या कामाच्या ॲपमध्ये ती पुष्कळशी आपोआप तयार होते. खेळात मात्र बहुधा सारा पडदा एका अखंड चित्रासारखा रंगविलेला असतो. यादी कोरीच राहते. ती खेळ लिहिणाऱ्याने मुद्दाम लिहावी लागते : हा फासा, ही तांबडी सोंगटी, ती अमुक घरात उभी आहे. न लिहिली तर फोन मुका होतो, किंवा फार तर म्हणतो, "नाव नसलेले बटण. नाव नसलेले बटण." एका अर्थी हा दोरा गुंडाळण्याचाच प्रकार. फक्त तो आजीने न गुंडाळता खेळ रचणाऱ्याने गुंडाळायचा.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आमच्या वर्गातही तो घेतला गेला. आंधळ्याला सवलत दिली, नियम वाकविले, तर खेळातली खुमारी ती काय राहिली? हा आक्षेप मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही, कारण कच्च्या लिंबाचे रडणे तरी दुसरे काय असते? त्यालाही सवलत नकोच असते. तेव्हा प्रश्न असा की, सवलत कशाला म्हणायचे आणि सोय कशाला?

या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर मला बुद्धिबळात सापडले. टाळेबंदी उठल्यावर दादाने पुण्याहून अंधांसाठीचा पट मागविला. त्यात काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच असतात. प्रत्येक घरात भोक असते आणि प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाशी खुंटी, त्यामुळे चाचपडताना डाव विस्कटत नाही. काळ्या मोहऱ्यांना ओळखण्यासाठी खास खूण असते. पण मला खरे नवल वाटले ते नियमांचे. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या म्हणजे 'फिडे'च्या नियमांत डोळस आणि अंध खेळाडू समोरासमोर बसले तर कसे खेळावे हे सविस्तर लिहिले आहे. दोघांपैकी कुणीही दोन पट मागू शकतो. डोळसाने आपल्या साध्या पटावर खेळावे, अंधाने आपल्या. प्रत्येक खेळी मोठ्याने सांगावी, प्रतिस्पर्ध्याने ती परत म्हणावी आणि आपल्या पटावर करावी. इंग्रजी अक्षरे ऐकताना घोटाळा होऊ नये म्हणून पटाच्या आठ उभ्या ओळींना नावेच दिली आहेत : ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. आमच्या ओट्यावरून "गुस्ताव, हेक्टर" अशा आरोळ्या ऐकू येऊ लागल्या, तेव्हा शेजारच्या काकूंना वाटले की आम्ही दोन विलायती कुत्री पाळली आहेत.

आणि मुख्य म्हणजे, 'हात लावला ते मोहरे खेळलेच पाहिजे' हा बुद्धिबळाचा कडक नियम अंधालाही आहेच. फक्त त्याचा हात पटभर फिरणारच, म्हणून त्याच्या बाबतीत मोहरे भोकातून उचलले गेले की त्याला हात लागला असे धरतात. नियम ढिला केलेला नाही. तो कुठे लागू करायचा एवढेच ठरविले आहे. उंटाची चाल उंटाचीच राहिली आणि मात झाली की मातच. बुद्धिबळ बुद्धीची कसोटी घेते, डोळ्यांची नव्हे. मग डोळ्यांपुरती वाट मोकळी करून दिली तर खेळाचे काय बिघडले?

याच विचाराने जगभर अंध लोक हा खेळ नेकीने खेळत आले आहेत. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि अंधांचे पहिले बुद्धिबळ ऑलिंपियाड १९६१ साली जर्मनीतील मेशेडे येथे भरले. आपल्याकडे मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी, लहानपणीच दृष्टी गेली असता, अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना उभी केली आणि बोलणारे बुद्धिबळ संगणकावर आणले. दादा त्यांचे नाव भक्तिभावाने घेतो.

अंधांच्या क्रिकेटचेही असेच. चेंडूत छर्रे असतात, त्यामुळे तो खुळखुळत येतो. गोलंदाजी खालून, सरपटी. गोलंदाज आधी "रेडी?" असे विचारतो, फलंदाज "यस" म्हणतो, मग "प्ले" म्हणून चेंडू सुटतो. अकरा जणांत पूर्ण अंध किती आणि थोडे दिसणारे किती हे ठरलेले असते, आणि पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. पण त्रिफळा उडाला की तो बाद, मग तो किती का अंध असेना! २०१२ साली बंगळूरला आपल्या अंध संघाने पहिला टी-२० विश्वचषक जिंकला. २०२५ च्या नोव्हेंबरात कोलंबोला अंध महिलांच्या पहिल्याच टी-२० विश्वचषकात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. त्या रात्री दादाने रेवड्या वाटल्या होत्या. या मुलींना कुणी कच्चे लिंबू म्हणून दाखवावे!

आता पुन्हा पडद्यावरच्या खेळांकडे वळू. १९९७ मध्ये जपानात केन्जी एनो या कल्पक माणसाने एक खेळ काढला, ज्यात चित्रच नव्हते. सारा खेळ आवाजाचा. २०१५ साली फ्रान्समध्ये 'अ ब्लाइंड लेजंड' नावाचा खेळ निघाला. त्याचा नायक एक आंधळा सरदार आहे आणि त्याची लहान मुलगी त्याला वाट सांगते. कानाला यंत्र लावले की तिचा आवाज उजवीकडून येतो, शत्रूची तलवार डावीकडून. दादाने मला डोळे मिटून तो खेळायला लावला. मी दोन मिनिटांत मेले. दादा शांतपणे पुढच्या मुक्कामाला पोचला होता. आंधळ्या कोशिंबिरीत आपण डोळे बांधून गंमत म्हणून धडपडतो. येथे मात्र ज्याचे डोळे कायमचे बांधलेले आहेत तोच उस्ताद.

परंतु अंधांसाठी वेगळा खेळ काढणे निराळे आणि सर्वांच्या खेळात अंधाला भिडू म्हणून घेणे निराळे. दुसरी गोष्ट अधिक कठीण, आणि तीच खरी. जून २०२० मध्ये, म्हणजे आमच्या ओट्यावर ल्युडो चालू होता त्याच सुमारास, अमेरिकेतील एका कंपनीने 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग बाजारात आणला. त्यात अशा साठांहून अधिक सोयी होत्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारा आवाज, वाट कोणत्या बाजूला आहे हे सांगणारे ध्वनी, कमी दिसणाऱ्यासाठी माणसे आणि वस्तू ठळक वेगळ्या रंगांत दाखविण्याची युक्ती, ऐकू न येणाऱ्यासाठी बोलणाऱ्याच्या नावासह अक्षरे, हवे ते बटण हव्या त्या कामाला लावण्याची मुभा. पूर्ण अंध माणसांनी तो लांबलचक खेळ शेवटपर्यंत खेळला. हे कसे जमले? तर खेळ रचत असतानाच त्यांनी ब्रँडन कोल यांच्यासारख्या अंध खेळाडूंना बोलावून विचारले. पुढे २०२३ साली मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ निघाला. त्यात वळण किती दूर, गाडी रस्त्याच्या कडेला किती आली, हे सारे आवाजावरून कळते. अंधाने मोटार हाकावी ही गोष्ट आम्हांला म्हणींत आणि विनोदांतच माहीत होती!

अर्थात हे खेळ ज्या यंत्रावर चालतात त्याची किंमत आमच्या घराला परवडणारी नाही. दादाने त्यांची वर्णने ऐकली आहेत, ते खेळलेला नाही. पण आजवर जे "होऊच शकत नाही" असे सांगितले जाई, ते होऊ शकते हे त्याला कळले आहे; आणि एकदा ते कळल्यावर माणूस पूर्वीसारखा गप्प बसत नाही.

गरजा तरी काय एकाच प्रकारच्या असतात? आमच्या वस्तीवरच्या एका काकांचा उजवा पंजा गुऱ्हाळाच्या चरकात ऊस सारताना गेला. ते फोन मांडीवर ठेवून डाव्या अंगठ्याने खेळतात. परंतु बहुतेक खेळांत दोन अंगठे धरलेलेच असतात; धावायचे बटण डावीकडे, मारायचे उजवीकडे. दोन्ही बटणे एका बाजूला आणू देणारा खेळ मिळाला की काका दिवाळी झाल्यासारखे हसतात. अशांसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली एक नियंत्रक काढला. त्यावर तळहाताएवढी दोन मोठी बटणे आहेत, आणि मागच्या खोबणींत पायाने, कोपराने वा हनुवटीने दाबायची बटणे जोडता येतात. त्याचे खोकेसुद्धा असे केले आहे की ते उघडायला दातांची मदत लागू नये. हात नसलेला माणूस खोके दातांनी फोडतो, हे ज्याच्या ध्यानात आले त्याने आधी कुणाचे तरी नीट ऐकले असले पाहिजे.

होस्टेलवरच्या एका मित्राची गोष्ट तर आणखी साधी. त्याला तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखू येत नाही. ल्युडोत तो खुशाल दुसऱ्याची सोंगटी आपली समजे, आणि मुले त्याला लबाड ठरवीत. सोंगट्यांवर रंगासोबत एकीवर चांदणी, दुसरीवर त्रिकोण अशी खूण असती तर त्याची अब्रू वाचली असती. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारात एकाला असा रंगदोष असतो. आपल्याकडे प्रमाण कमी असले तरी वर्गात एखादा निघतोच. रंगाखेरीज खूण द्यायला किती कष्ट पडतात? आणि त्या खुणेने डोळसांचे नुकसान काय होते? उलट उन्हात फोन धरला असता त्यांनाही ती उपयोगीच पडते. ऐकू न येणाऱ्यांसाठी दिलेली अक्षरे आज भरल्या गाडीत, गोंगाटात, आपण सगळेच वाचतो.

आता जी गोष्ट मला खरोखर लागली ती सांगते. दोन वर्षांपूर्वी दादाला हातक्रिकेटचा एक खेळ सापडला. शाळेत मागच्या बाकावर आपण बोटांनी खेळतो तोच : दोघांनी एकाच वेळी एक ते सहा यांपैकी आकडा काढायचा, आकडे जुळले की फलंदाज बाद, नाही तर तेवढ्या धावा. फोनवर सहा बटणे, प्रत्येकाला नाव. फोन ती वाचून दाखवी. समोर दूरदूरचे खरे खेळाडू असत. एक सांगलीचा, एक नागपूरची, एक कुठला कोण जाणे. त्यांपैकी कुणालाही दादा अंध आहे हे ठाऊक नव्हते. ओट्यावर बसून दादा ओरडे, "तायडे, आज मला शून्यावर काढला गं!" आणि हे सांगताना त्याचा चेहरा असा फुललेला असे की जणू शतक ठोकले आहे. कुणी दया केली नव्हती, कुणी हात धरला नव्हता. त्याच्यावर राज्य आले होते.

मग एका पावसाळ्यात त्या खेळाची नवी आवृत्ती आली. सजावट वाढली, बटणे चमकू लागली, आणि त्यांची नावे गेली. "नाव नसलेले बटण. नाव नसलेले बटण." सहाही बटणे सारखीच. दादाने खेळ काढणाऱ्यांना पत्र लिहिले, मग दुसरे लिहिले, मग तिसरे. प्रत्येक वेळी 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे' असे यंत्राने पाठविलेले उत्तर आले. तिसऱ्या उत्तरानंतर तो एवढेच म्हणाला, "त्या सांगलीवाल्याची शेवटची म्याच राहिली माझ्याकडं. तो म्हणत आसंल, गडी भिऊन पळाला."

कुणी म्हणेल, खेळच तो! अंधांना आधी शिक्षण हवे, नोकरी हवी, चालायला रस्ते हवेत. खरे आहे, हवेतच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यापैकी किती जणांना यांतले काय मिळाले हा मोठा प्रश्न आहे. पण सगळी गरजेची कामे उरकल्यावर, उरल्या वेळात खेळ, असा क्रम कुणाच्या आयुष्यात असतो? आमच्या शेजारी केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. तेथे अंध स्त्रियांनाही आसरा मिळाला, आणि रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी त्यांना ब्रेल शिकविली. नुसत्या अन्नवस्त्रावर भागविता आले असते. पण आसरा दिला एवढ्याने माणूस माणसांत येत नाही, हे त्या मायलेकींना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. माणूस माणसांत येतो तो बरोबर वाचल्याने, बरोबर गायल्याने आणि बरोबर खेळल्याने. मित्र कुठे मिळतात? नोकरीच्या अर्जात नव्हे. मैदानावर, पारावर, आणि आता फोनवर.

कायदाही आता हेच म्हणू लागला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने पूर्वीच्या ७ प्रकारांऐवजी २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला खेळांचा नव्हता. बँकेत वगैरे ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा असे यंत्र सांगे, आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना किंवा अंधांना ते कसे करावे हे कळेना, म्हणून तो उभा राहिला. यंत्र रचणाऱ्याने माणूस म्हटल्यावर एकच माणूस डोळ्यांपुढे आणला होता. खेळ रचणाराही बहुधा तेच करतो. त्याच्या मनात द्वेष नसतो. त्याच्या ओळखीत दादासारखा कुणी नसतो, इतकेच.

प्रत्येक खेळ प्रत्येकाला खेळता येईलच असे मी म्हणत नाही, आणि दादाही म्हणत नाही. दोन चित्रांतले दहा फरक ओळखण्याचा खेळ डोळ्यांचाच आहे. तो त्याने केव्हाच सोडून दिला. पण खेळाची कसोटी कोणती आणि दारातला उंबरा कोणता, हे तरी एकदा नीट पाहिले पाहिजे. कसोटी सर्वांना सारखी असावी. उंबरा मात्र जेवढा कमी करता येईल तेवढा करावा. आजीने कवड्या दादाला झुकते माप देऊन टाकल्या नाहीत. उलट फसवायलाच निघाली होती ती! तिने फक्त दोरा गुंडाळला.

आपल्या महाविद्यालयात दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी बुद्धिबळाच्या स्पर्धेचा फलक लागतो. आपल्यांत दृष्टिहीन विद्यार्थी आहेत. ते वादविवादात बोलतात, गायनात बक्षिसे मिळवितात, आणि बुद्धिबळाच्या दिवशी टाळ्या वाजवायला येतात. जिमखान्याच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की यंदा फलकावर एक ओळ वाढवावी : 'मागणी केल्यास दोन पटांवर खेळता येईल.' खुंट्यांचा पट आमच्या घरी आहे, तो मी आणून देईन. फिडेचे ते नियम मराठीत उतरवून द्यायला दादा तयार आहे. खेळ्या सांगणारा-ऐकणारा साहाय्यक लागला तर आमच्या वर्गातल्या दोघी बसायला कबूल आहेत.

मात्र समोर बसणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. मुद्दाम हरू नये. घोडा फुकट सापडला तर खुशाल मारावा, आणि मोठ्याने सांगावे की मारला.